शिवेबाहेरची हाक: खानापूरच्या रानात भयपट करायचा तर

भयपटासाठी लोकेशन बघायला बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात आलेली मंडळी आधी पडका वाडा शोधतात. वाडा शेवटी बघितला तरी चालतो. आधी शोधायचा तो गावाचा नियम. कुठल्या वारी काय करायचं नाही, कुठल्या रेघेपलीकडं कधी पाऊल टाकायचं नाही, आणि कुणी टाकलंच तर घरचीच माणसं त्याच्याशी कशी वागतील, एवढं ठरलं की भूत दिसतं कसं हा प्रश्न निम्मा सुटतो.

या बाबतीत बेळगाव भागाला कुणाकडून उसनं घ्यावं लागत नाही. वडगावच्या मंगाईच्या यात्रेआधी वार पाळतात, हे शहरातल्या पोरांनाही माहीत असतं. खेड्यातल्या लक्ष्मी यात्रेत देवी गदग्यावर (चौथऱ्यावर) बसते, ओट्या भरल्या जातात आणि शेवटच्या दिवशी ती सीमेकडं निघते. रात्रीच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, हे तर घरोघरच्या आज्जीनं सांगून ठेवलेलं. यातलं काहीही जसंच्या तसं उचलायचं नाही. खऱ्या देवीचं नाव, खरा पालखीचा क्रम, खरं गाऱ्हाणं पडद्यावर आणलं की गाव दुखावतं, आणि दुखावलेल्या गावात दुसऱ्या रात्री शूटिंग होत नाही. घ्यायचा तो त्यामागचा सांगाडा. आणखी एक: इथं 'सीमा' म्हटलं की ऐकणाऱ्याला १ नोव्हेंबर १९५६, म्हणजे राज्य पुनर्रचनेचा दिवस, आठवतं. पटकथेत 'शीव' हाच शब्द ठेवा, नाहीतर प्रेक्षक भूत सोडून सीमावादावरच्या महाजन अहवालावर बोलायला लागतील.

पुढचं सगळं नीट कळावं म्हणून एक नमुना-कथा धरू. आंबेगाळी नावाचं काल्पनिक गाव, चोर्ला रस्त्यापासून आत. वर्षातून एका रात्री देवी शिवेवर जाते आणि उजाडेपर्यंत शीव बंद. त्या रात्री जो बाहेर राहिला तो सकाळपर्यंत गावाचा नाही. पारू गोव्यात कामाला आहे (खानापूरच्या खेड्यांतली बरीच तरुण पोरं-पोरी तिकडंच असतात). तिची शेवटची बस घाटात अडकते आणि ती रात्री पावणेदहाला फाट्यावर उतरते. साडेदहाला घराच्या दारावर थाप पडते. आवाज पारूचाच. आत आई आणि आज्जी.

नियम तीनच, पण मोडणारा एकेक प्रसंग ठरवून

काळ्या कल्पनाकथेत (डार्क फँटसीत) जादू कितीही चालते असं वाटून लोक फसतात. प्रेक्षकाला नियम कळला नाही तर त्याला भीती वाटत नाही, फक्त दचकायला होतं. आणि दचकणं तीनदा चालतं, चौथ्यांदा हसू येतं. म्हणून कागदावर तीन वाक्यं लिहा. आंबेगाळीसाठी ती अशी: उजाडेपर्यंत शीव ओलांडायची नाही. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. शिवेबाहेरच्याला फक्त रस्त्यावर ऐकलेलं बोलता येतं.

तिसऱ्या नियमात या भागाचा खास दागिना आहे. बेळगाव-कोल्हापूरकडच्या बऱ्याच बाया-मुली स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात. घरातली पारू म्हणणार, "आये, दार काड गे, मी आलो." शिवेबाहेरचं जे काही आहे त्यानं मराठी ऐकलं ते बसच्या खिडकीतून, बदलीवर आलेल्या मास्तरणीकडून, प्रवाशांच्या मोबाईलवरच्या मालिकांतून. ते म्हणणार, "आई, दार उघड ना, मी आले." एका अक्षराचा फरक. पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला तो पहिल्यांदा कळणारही नाही, उलट 'आले'च बरोबर वाटेल. म्हणून पहिल्या वीस मिनिटांत पारू फोनवर आईशी बोलते तो प्रसंग हवाच, आणि त्यात 'आलो', 'खाल्लो', 'जातो' असं निदान चारदा यायला हवं. आज्जीला फरक कळतो, आईला कळूनही मानवत नाही. सिनेमा तिथं आहे.

नियम मोडायचे प्रसंग उलट्या क्रमानं ठेवा: सगळ्यात हलका नियम आधी, शिवेचा सगळ्यात शेवटी. आणि नियम मोडल्याची किंमत त्याच घरातल्या माणसानं भरायला हवी. बाहेरून आलेला हौशी पत्रकार मेला तर गावाला काय त्याचं?

'रेंज नाही' हे कारण मात्र जपून वापरा. कणकुंबी-जांबोटीच्या आतल्या वाड्यांवर रेंज खरोखरच येते-जाते, त्यामुळं ते खोटं नाही, पण आळशीपणाचं आहे. फोन लागतो आणि पलीकडूनही पारूच बोलते, हे जास्त वाईट.

गाव आखणं

लोकेशनचा नकाशा पावलांनी मोजून काढा. घर, आड, गोठा, तिठा, देवाचं रान आणि शीव अशी सहा ठिकाणं पुरतात. खरी अंतरं कितीही असोत, पडद्यावर घरापासून शीव पावलांत मोजता यावी एवढी जवळ हवी, साधारण दीडशे-दोनशे मीटर. प्रेक्षकाला दारातून शिवेचा दगड एकदा दिवसाउजेडी दाखवा. तो एक शॉट राहिला तर पुढच्या सगळ्या रात्रींना दिशा उरत नाही. नवख्यांचे भयपट जास्त करून इथंच गळतात: पळणारी मुलगी डावीकडून उजवीकडं जाते की उजवीकडून डावीकडं, याचा पत्ताच नसतो. आंबेगाळीत शीव नेहमी फ्रेमच्या उजव्या हाताला, घर डाव्या. फक्त शेवटच्या प्रसंगात उलटं करायचं.

घर निवडताना सोपा (ओसरी), माजघर, परडं (परसू) आणि मागचं दार असलेलं कौलारू घर बघा. चिऱ्याची किंवा मातीची भिंत प्रकाश शोषते, त्यामुळं रात्र आपोआप काळी दिसते. चुना लावलेली पांढरी भिंत असेल तर मालकाच्या परवानगीनं तांबड्या मातीचा हात फिरवा. एक घमेलं माती, अर्धं घमेलं शेण, पाणी लागेल तसं. ऑइल पेंट मारलेली निळी-हिरवी खोली टाळा, ती कितीही झाकली तरी चमकते. कौलं स्वस्तात आणि मुबलक मिळतात, खानापूर त्यासाठीच ओळखलं जातं. फुटक्या कौलांचा ढीग मागून ठेवा, पडझड दाखवायला थर्मोकोलपेक्षा केव्हाही बरा.

गाव कर्नाटकातलं आहे हे विसरू नका. शाळेची पाटी, बसचा बोर्ड, पंचायतीची भिंत, रेशन कार्ड हे सगळं कन्नडमध्ये असतं. कला विभागानं पाटी रंगवली की कन्नड येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या. कन्नड अक्षरांत एखादी वेलांटी चुकली तर निम्म्या जिल्ह्याला ती दिसते.

देऊळ खरं वापरू नका, निदान गाभारा तरी नाहीच. शेताच्या बांधावर चार खांब, बांबूचा सांगाडा, गोणपाट आणि मातीचा गिलावा एवढ्यात आठ बाय आठ फुटांचा गाभारा दोन दिवसांत उभा राहतो. मूर्ती मुखवट्याचीच ठेवा, ओळखीच्या कुठल्याही देवीसारखी नको. हलशी ही एकेकाळी कदंबांची दुसरी राजधानी. तिथली आणि देगावे इथली जुनी दगडी देवळं बघून कला-दिग्दर्शकानं खांबांची घडण समजून घ्यावी, पण शूटिंगला तिकडं दिवे-स्टँड नेऊ नयेत. जुन्या दगडावर तेल, कुंकू, धूर यांचे डाग बसतात ते निघत नाहीत.

कधी यायचं

जुलै-ऑगस्टचं धुकं बघून सगळे हुरळतात. धुकं खरंच असतं, जांबोटीच्या पुढं दुपारी दोनलाही हेडलाइट लागतात. पण त्यात संवादाचा सिनेमा होत नाही. कौलावर, त्याहून पत्र्यावर, पाऊस एवढा वाजतो की आवाज पूर्ण डब करावा लागतो. भीमगड अभयारण्यातल्या आतल्या वस्त्यांचा तर पावसात बाहेरशी संपर्क तुटतो. तेव्हा पावसात चार जणांचं पथक, एक कॅमेरा, दोन दिवस: फक्त धुकं, ओढे, रस्ता, रान यांची दृश्यं. बाकी सगळं मुख्य काम डिसेंबर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सातनंतर. सूर्योदयही उशिरा होतो, म्हणजे हिवाळ्यात एका रात्रीत जवळजवळ दोन तास जास्त काळोख मिळतो. पायाखाली पानगळ असते, पावलांचा आवाज मिळतो. थंडी बारा-चौदा अंशांपर्यंत उतरते, पण तोंडातून वाफ दिसेल यावर पटकथा बेतू नका. मार्चपासून रान वाळतं आणि वणव्याच्या भीतीनं कुणीही वनाधिकारी मशाल पेटवू देणार नाही. त्यानं देऊही नये.

पावसातली दृश्यं आणि हिवाळ्यातली दृश्यं एकत्र जोडताना गवत घात करतं. सप्टेंबरात कमरेएवढं हिरवं, जानेवारीत पिवळं. धुक्याचे शॉट घेताना जमीन फ्रेमबाहेर ठेवली तर ते कुठंही बसतात.

दोन उजेड

शिवेची रेघ उजेडातही असायला हवी. आत पिवळा, बाहेर निळा, तिसरा रंग नाही. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (कुठला उजेड पांढरा धरायचा ते माप) ३२०० केल्विनवर ठेवा. मग कंदिलाचा उजेड तांबूस-पिवळा येतो आणि ५६०० केल्विनचा एलईडी आपोआप निळसर चंद्र होतो, वेगळं फिल्टर लावायची गरज नाही. चंद्रासाठी ३०० वॉटचा एक एलईडी घराच्या मागून, पंधरा मीटरवर, पंधरा-वीस फूट उंच. समोरून कधीच नाही. समोरून मारला की तो चंद्र न दिसता गाडीचा हेडलाइट दिसतो.

कंदील खरा ठेवला तर काच काळी पडते आणि दर टेकला उजेड कमी-जास्त होतो. आतली वात काढून २००० केल्विनच्या आसपासचा बॅटरीवरचा छोटा एलईडी बसवा, त्याला डिमर, आणि काचेच्या मागच्या निम्म्या बाजूला आतून काजळी फासा म्हणजे दिवा कॅमेऱ्याला उघडा दिसत नाही. आयएसओ १६००, एफ २, शटर १/५० या मापावर कंदील चेहऱ्यापासून हातभर अंतरावर हवा. दोन हात लांब गेला की चेहरा बुडतो. नटाला हे आधी सांगा, तो कंदील सवयीनं गुडघ्याजवळ धरतो.

शटर १/५० सांगायचं कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. १/६० किंवा १/४८ ठेवलं तर झिरोचा बल्ब आणि स्वस्त एलईडी पडद्यावर लुकलुकतात, आणि लुकलुक कॅमेऱ्याच्या लहान स्क्रीनवर कळत नाही, एडिटिंगला बसल्यावर कळते. देव्हाऱ्यातला तांबडा झिरो हवाच असेल तर जुना तारेचा बल्ब शोधा.

दूरची दृश्यं, म्हणजे अख्खं गाव, डोंगर, बसचा रस्ता, रात्री उजळणं परवडत नाही. ती सूर्यास्तानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत घ्यायची. जागा, लेन्स, नट सगळं दुपारी ठरवून ठेवलं तर त्यात दोन शॉट होतात. तीन लिहून आणले तर एक होतो. तेही जमलं नाही तर भर दुपारी सूर्य समोर, म्हणजे नटाच्या पाठीशी, ठेवून दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) कमी एक्सपोज करा आणि आकाश फ्रेममध्ये येऊ देऊ नका. आकाश दिसलं की खेळ संपला.

धुराच्या यंत्राचा हीटर १५०० वॉटच्या आसपास ओढतो. दोन दिवे, चार्जर आणि ते यंत्र मिळून ५ केव्हीएचा जनरेटर पुरतो. तो घरामागं साठ-सत्तर मीटरवर, मध्ये गवताची गंजी किंवा चिऱ्याची भिंत येईल असा ठेवा. एवढ्या लांबीला अडीच स्क्वेअर एमएमची वायर वापरली तर धुराचं यंत्र चालू झालं की व्होल्टेज पडतं आणि यंत्र तापायला वेळ लागतो; मग सगळे यंत्राला शिव्या घालतात. चार स्क्वेअर एमएम घ्या. दवानं ओल्या झालेल्या जमिनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) लावल्याशिवाय एकही दिवा पेटवायचा नाही.

जमिनीलगत सरपटणारा धूर हवा असेल तर यंत्राच्या तोंडाला मोठा डबा लावून त्यात पाच-सहा किलो बर्फ भरा, धूर गार होऊन खाली बसतो. बाहेर हे फक्त पहाटे पाच ते सातच्या दरम्यान जमतं, वारा पडलेला असतो तेव्हा. सोप्यात गोवऱ्यांचा धूर केला तर नटांचे डोळे दोन टेकमध्ये लाल होतात. बंद खोलीत ड्राय आइस अजिबात नको: त्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि खाली झोपलेल्या नटाचा श्वास कोंडतो.

पाऊस पाडायचा तर पाच हजार लिटरचा टँकर वीस-पंचवीस मिनिटं पुरतो, आणि त्यावर मागून उजेड नसेल तर तो दिसतच नाही.

रक्त, लिंबू, मुखवटा

रक्ताला बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारं लिक्विड ग्लुकोज घ्या, अर्धा किलो. साठ मिलिलिटर कोमट पाण्यात ते सैल करून दोन मोठे चमचे खायचा लाल रंग, एक चमचा कोको पावडर आणि दोन-तीन थेंब निळा. हे झालं कंदिलाचं रक्त. तेच चंद्राच्या निळ्या उजेडात डांबरासारखं काळं दिसतं. म्हणून बाहेरच्या प्रसंगांसाठी दुसरी बाटली कोको आणि निळा न घालता भडक लाल करून ठेवा, बाटल्यांवर 'आत' आणि 'बाहेर' लिहा. कपड्यावर लागणार असेल तर भांड्याच्या साबणाचे काही थेंब टाका, डाग सुटतो. तोंडात जाणार असेल तर अर्थातच नाही. आणि खेड्यात रात्री हे गोड रक्त उघडं राहिलं की अर्ध्या तासात मुंग्या. नटाला ओट्यावर पाडून ठेवायचं तर ओट्याभोवती आधी हळद टाका, आणि शॉट संपल्याबरोबर पुसा.

रक्त येणारं लिंबू कॅमेऱ्यासमोर खरंच करता येतं. भोंदू बाबांची ही जुनी हातचलाखी आहे. सुरीच्या पात्याला जास्वंदीच्या पाकळ्या चोळून वाळू द्या. लिंबू कापलं की आंबट रस लागून रंग लाल होतो. पातं स्टीलचं, स्वच्छ हवं, आणि क्लोजअप एका टेकमध्ये घ्यायचा कारण दुसऱ्यांदा पातं पुन्हा चोळावं लागतं. याच आम्लाचा एक तोटाही लक्षात ठेवा: हळदीपासून केलेल्या कुंकवावर लिंबाचा रस पडला की ते पिवळं पडतं. लिंबू-कुंकवाचा उतारा दिसायला हवा असेल तर कृत्रिम रंगाचं कुंकू वापरा आणि ते नटाच्या कातडीला लावू नका.

मुखवट्याला बेळगावच्या गणपती करणाऱ्या कारागिरांसारखे हात मिळणार नाहीत. पण मे ते गणेश चतुर्थी त्यांना मान वर करायला वेळ नसतो, ऑक्टोबरात गाठा. मातीचा साचा, त्यावर कागदाचा लगदा: एक किलो रद्दी तीन दिवस भिजवून, उकळून, कुटून, त्यात पाव किलो मैद्याची खळ आणि दोन चमचे मेथीची पूड, म्हणजे किडे लागत नाहीत. जाडी पाच-सहा मिलिमीटर, त्याहून जाड केला तर आतून वाळत नाही आणि वास मारतो. आतून सुती कापड चिकटवा. वजन पाऊण किलोच्या वर गेलं तर नटाची मान तासाभरात वाकते. पावसाच्या दृश्यात कागदाचा मुखवटा विरघळतो, त्यासाठी वेगळा लेटेक्सचा.

केस म्हणून ताग किंवा काथ्या, चहाच्या पाण्यात रात्रभर बुडवून. दुकानातला विग लांबूनही विगच दिसतो.

शिवेबाहेरचं ते अर्ध्या सिनेमापर्यंत अख्खं दाखवू नका. आधी चौकटीवरची बोटं, मग पारूच्या साडीचा काठ, आणि पावलं नेमकी कुठं टेकतात ते. चालण्यासाठी सोपी युक्ती: नटाला पाठमोरं, म्हणजे उलटं चालायला लावा आणि एडिटिंगमध्ये शॉट उलटा फिरवा. माणूस पुढंच येतो, पण टाच आधी उचलली जाते की चवडा, यात काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. धूर, पडणारी पानं, दिव्याची ज्योत फ्रेममध्ये असेल तर युक्ती उघडी पडते, कारण धूर यंत्रात परत शिरताना दिसतो.

आवाज

भयपटाचं निम्मं काम कानात होतं, आणि इथंच पैसे वाचवले जातात. रेकॉर्डर ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. संवादाची शिखरं उणे बारा डेसिबलच्या आसपास. माइकला केसाळ टोपी हवीच, शिवारातला वारा जमिनीला घासून येतो. प्रत्येक जागी, प्रत्येक रात्री, सगळ्यांना गप्प उभं करून दोन मिनिटं नुसती शांतता रेकॉर्ड करा. ही शांतता रोज वेगळी असते: जूनमध्ये बेडूक, सप्टेंबरात रातकिड्यांची सलग किर्र, जानेवारीत जवळजवळ काहीच नाही. एकाच प्रसंगातले दोन शॉट वेगवेगळ्या महिन्यांत घेतले तर चित्र जुळेल, रातकिडे जुळणार नाहीत.

शिवेची रेघ आवाजातही ओढा. घरात भांडं, चुलीतलं लाकूड, आज्जीचा खोकला, गोठ्यातली घंटा. शिवेबाहेर रातकिडे आणि रातवा या निशाचर पक्ष्याचं एकसुरी 'चुक-चुक'. जेव्हा ते दाराशी येतं तेव्हा नवा आवाज घालायचा नाही, रातकिडे थांबवायचे. एकदम नको, तीन-चार सेकंदांत कमी करत. भेकराचं (भुंकणाऱ्या हरणाचं) भुंकणं ज्यानं रात्री ऐकलंय त्याला वेगळ्या भुताची गरज नाही. ते मिळालं तर जपून ठेवा आणि सिनेमात एकदाच वापरा.

दारावरच्या हाकेचे दोन टेक घ्यावे लागतात, 'आलो' आणि 'आले'. नटी तीच. तिला दाराबाहेर खरोखर उभी करून, लाकडी दार बंद ठेवून आतून रेकॉर्ड करा. स्टुडिओत घेऊन नंतर फिल्टर लावलेला आवाज दाराआडचा वाटत नाही. 'आले' म्हणताना तिनं आवाज बदलायचा नाही, घोगरा तर नाहीच. फक्त श्वास घ्यायचा नाही: वाक्याआधी, मध्ये, नंतर, कुठंही श्वास ऐकू येता कामा नये.

वाद्यांत चौंडकं आणि संबळ या मातीतली आहेत, पण त्यांना देवीचा संदर्भ चिकटलेला आहे, म्हणून यात्रेच्या प्रसंगापुरती ठेवा. भीतीच्या प्रसंगाला तीस-चाळीस हर्ट्झची घुमारी घालायची फॅशन आहे. ती मोबाईलवर ऐकूच येत नाही. त्यावर शंभर-दोनशे हर्ट्झचा एक थर चढवा आणि अंतिम मिक्स स्वस्तातल्या इअरफोनवर तपासा.

परवानग्या आणि जीव

कर्नाटकात ग्रामपंचायतीचा माणूस म्हणजे पीडीओ (पंचायत विकास अधिकारी); 'ग्रामसेवक कुठं भेटतील' विचारलं की तुम्ही पलीकडचे हे लगेच कळतं. अर्ज कन्नडमध्ये द्या, सोबत मराठी प्रत. त्यात तारखा, माणसं, गाड्या, जनरेटर, रात्रीचे तास हे स्पष्ट हवं. पोलीस ठाण्यालाही त्याची प्रत, कारण रात्री दोनला किंकाळी ऐकून कुणीतरी फोन करणारच. गावात दवंडी दिल्यासारखं आदल्या संध्याकाळी घरोघर सांगा: आज रात्री ओरडण्याचा शॉट आहे, इतक्या वाजता.

वन खात्याची हद्द कुठून लागते हे डोळ्यांनी कळत नाही, नकाशावरच बघावं लागतं. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे आणि आत चित्रीकरणाला मुख्य वन्यजीव रक्षकाची परवानगी लागते. भीमगडातल्या बारापेडे गुहांचा विचार सोडाच. तिथं 'रॉटन' या दुर्मिळ जातीच्या वटवाघळांची वसाहत आहे आणि एका दिव्यानं ती उठते. गुहा चिऱ्याच्या जुन्या खाणीत उभी करा. साप, घुबड खरे आणायचे नाहीत. कोंबडा-बकरं दाखवायचं तरी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची परवानगी शूटिंगच्या आधी घ्यावी लागते. नंतर मिळत नाही आणि सेन्सॉरला फाइल अडते. ड्रोन उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर बेळगावच्या सांबरा विमानतळाचा पट्टा तपासा.

नरबळी, भानामती, अंगात येणं यांचा महिमा गायचा नाही हे वेगळं सांगायला नको. कर्नाटकात अघोरी प्रथा आणि काळ्या जादूविरोधी २०१७ चा कायदा २०२० पासून लागू आहे. खरा देवऋषी 'सल्लागार' म्हणून बोलावला तर तोच आधी अडकेल. प्रमाणपत्रासाठी आता यूए ७, यूए १३, यूए १६ असे टप्पे आहेत. आंबेगाळीसारखी कथा कमी रक्तात यूए १६ मध्ये बसू शकते, गळा चिरताना दाखवला तर ए.

रानातल्या रात्रीचे नियम थोडे पण पक्के. पावसात जळवा: मोज्यांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी. डिसेंबर ते मे गोचीड: शेजारच्या दोडामार्ग-सत्तरी भागात माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत, तेव्हा पालापाचोळ्यावर बसायचं-झोपायचं नाही, अंगभर कपडे, आणि पहाटे परतल्यावर गरम पाण्यानं आंघोळ करून अंग तपासायचं. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता वन खात्याला कळवा. आड आणि विहिरीचे शॉट खऱ्या काठावर नकोत. काळा रंग दिलेल्या परातीत पाणी आणि तळाशी आरशाचे तुकडे टाकून दिवा मारला की भिंतीवर आडाच्या पाण्याचा उजेड नाचतो. एक गाडी, चावी आत, तोंड रस्त्याकडं, रात्रभर रिकामी उभी: साप चावला तर बांधणं-चिरणं न करता माणसाला हलू न देता थेट दवाखान्यात. पहाटे युनिटच्या गाड्या हळू चालवा, जांबोटी रस्त्यावर गवे उभे असतात आणि हॉर्नला ते हलत नाहीत.

जाताना एक हिशेब चुकवू नका. तिठ्यावर, आडाजवळ, देवाच्या रानाच्या कडेला मांडलेली लिंबं, काळ्या बाहुल्या, टाचण्या, कुंकू यांची यादी कला विभागानं रोज संध्याकाळी लिहायची आणि पहाटे टॉर्च घेऊन मोजत गोळा करायची. सात नेली तर सात परत. एक जरी पाचोळ्यात राहिलं तर ते सकाळी गुरं घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्याला सापडतं, आणि त्याला तो सिनेमा होता हे कुणी सांगेपर्यंत तिसऱ्या घरात भांडण पेटलेलं असतं.